वामनदादांची वाट आणि आमची वही



विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायची ठरली तेव्हा कमिटीने आम्हाला विहाराचा इतिहास लिहायला सांगितला. विटा, वाळू, सिमेंट किती लागले आणि कुणी किती वर्गणी दिली, हा हिशेब खजिनदारांच्या वहीत आहे, तो कुणालाही पाहता येईल. आम्ही या पानांवर लिहिणार आहोत ते गाण्याविषयी. कारण विहारासाठी वर्गणीची पहिली पावती ज्या मंडपात फाडली गेली, तो मंडप गायनाच्या कार्यक्रमाचा होता. आमच्या आया-बहिणींना पंचशील समजले ते आधी गाण्यातून, पुस्तकातून नंतर. म्हणून ज्यांनी ही गाणी रचली, गायली, आणि ज्यांच्या मागे आम्ही तरुणपणी रात्र-रात्र फिरलो, त्यांचा इतिहास हा आपल्या विहाराचाही इतिहास आहे, असे आम्ही समजतो.

जलशाची परंपरा

सुरुवात जलशापासून करावी लागेल. जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्यांच्या अनुयायांनी तमाशाचाच साचा घेऊन सत्यशोधक जलसे उभे केले. साचा तोच ठेवला, आतला माल बदलला. बहुजन समाजाला तमाशा आवडतो ना, मग तमाशातूनच शिक्षणाची गोष्ट सांगा, सावकार-भटजीच्या फसवणुकीची गोष्ट सांगा, असा तो विचार होता.

आंबेडकरी जलसा या वाटेनेच पुढे गेला. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. या लढ्यांच्या बातम्या खेडोपाडी कोण नेणार? वर्तमानपत्र वाचणारा गावात एखादा, तोही आपल्या वस्तीत यायचा नाही. हे काम जलसेकारांनी केले. नाशिक जिल्ह्यातील कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक यांनी १९३१ च्या सुमारास नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा केला आणि तो गावोगावी नेला. तमाशात आधी गणपतीचा गण, मग कृष्ण-गोपींची गवळण, मग बतावणी आणि वग. आपल्या जलसेकारांनी गणपतीचा गण काढला आणि तिथे बाबासाहेबांना वंदन आणले. गवळण सोडली. बतावणीत भटजी आणि गावचा पाटील यांची फजिती आली, वगात सत्याग्रह आला. मेलेल्या ढोराचे मांस खाऊ नका, पोरांना शाळेत घाला, लग्नात कर्ज काढू नका, हे सगळे ढोलकीच्या तालावर, हसत-हसवत सांगितले जाई. बायकांची कामे पुरुषच करीत. दिवसभर कामधंदा करायचा आणि रात्री तालीम, असे ते कलावंत. आपल्या दहा सभांच्या बरोबरीचे काम एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणाल्याचे जुनी माणसे सांगत आली आहेत.

भीमराव कर्डकांनी हा सारा अनुभव 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या पुस्तकात लिहून ठेवला. ते १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी लिहिले म्हणून आपल्याला एवढे तरी कळते. ज्यांनी लिहिले नाही, त्यांचे काय झाले असेल याचा विचार वाचकांनी करावा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि अवघ्या दोन महिन्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. समाज एकीकडे नवा जन्म घेत होता आणि दुसरीकडे पोरका झाला होता. या काळात गाणे बदलले. जलसा हळूहळू मागे पडला आणि गायन पार्टी पुढे आली. पेटी, ढोलक किंवा तबला, बुलबुल, झांज, एक मुख्य गायक आणि मागे चार-पाच जणांचा कोरस. वगनाट्याला पंधरा-वीस माणसे आणि सामानाची गाडी लागे, गायन पार्टी मात्र लोकलच्या डब्यात मावे. गाण्याचे विषयही नवे आले. बुद्धाचे चरित्र आले, बावीस प्रतिज्ञा आल्या, माता रमाईचे कष्ट आले, दीक्षाभूमी आली. आपल्या घरातली जुनी ओवी गाणारी आजी बघता बघता बुद्ध-भीमाच्या ओव्या गाऊ लागली.

वामनदादा

या गायन पार्टीच्या काळातले सर्वांत मोठे नाव म्हणजे लोककवी वामनदादा कर्डक. नवीन पिढी भीमराव कर्डक आणि वामन कर्डक यांची गल्लत करते, म्हणून मुद्दाम सांगतो. आडनाव एक, जिल्हा एक, पण माणसे दोन. भीमराव जलशाच्या पिढीचे, वामनदादा त्यानंतरचे.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावचा. घरची गरिबी आणि शाळा नाही. पोटासाठी मुंबईत आले, गिरणीत काम केले, मिळेल ती कष्टाची कामे केली. त्यांना लिहायला-वाचायला येत नव्हते. चाळीतल्या कुणीतरी वाचायला पत्र पुढे केले आणि ते वाचता आले नाही, याची त्यांना एवढी लाज वाटली की त्या वयात त्यांनी अक्षर ओळख करून घेतली. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते वाचायला शिकले. ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. आमच्यातल्या किती जणांच्या वडिलांनी पगारपत्रकावर अंगठा उठवला! त्यांना ही गोष्ट सांगितली की ते गप्प बसत.

३ मे १९४३ या दिवशी दादांनी पहिले गाणे रचले. ते एका हिंदी गाण्याच्या चालीवरचे विडंबन होते. तेव्हा त्यांचे वय एकविसाव्या वर्षात होते. तिथून पुढे साठ वर्षे ते गाणी रचत राहिले. त्यांची 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' ही पुस्तके निघाली. पण छापील पुस्तकात आलेली गाणी थोडी आणि लोकांच्या तोंडी असलेली जास्त. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' या गाजलेल्या चित्रपटातही त्यांचे गीत आहे. त्या वाटेने ते गेले असते तर पैसा मिळाला असता. ते गेले नाहीत. गावोगावी फिरत राहिले. आज या तालुक्यात, उद्या त्या जिल्ह्यात, मिळेल त्या घरी मुक्काम आणि मिळेल ती भाकरी. १९९३ साली वर्ध्याला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन झाले, त्याचे अध्यक्षपद त्यांना दिले गेले. ज्याला पत्र वाचता येत नव्हते तो माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, ही बातमी आली त्या दिवशी आम्ही खात्यात साच्यांच्या आवाजात ओरडून एकमेकांना सांगितली होती.

दादांचे गाणे सोपे का वाटते याचा आम्ही पुष्कळ विचार केला. ऐकणाऱ्याला वाचता येत नाही, हे धरूनच ते रचलेले असे. ध्रुवपद आखूड, दोनदा ऐकले की पाठ. कडवी चार, फार तर पाच. प्रत्येक कडव्यात एकच चित्र. चाल बहुतेक लोकांच्या ओळखीची, कधी लोकगीताची, कधी सिनेमाची, कधी कव्वालीच्या अंगाची. आणि शेवटच्या कडव्यात कवीचे नाव. तुकोबांच्या अभंगात जसा 'तुका' येतो तसा इथे 'वामन' येतो. या नावाबद्दल पुढे लिहायचे आहे, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

गाण्यामागे फिरणे

आम्ही म्हणजे कोण? वस्तीतली आम्ही सात-आठ पोरे. १९८० च्या आसपास दहा-बारा वर्षांची होतो. वडील मंडळी कार्यक्रमाला जात तेव्हा त्यांच्या मांडीवर झोपून ऐकले, आणि मिसरूड फुटल्यावर स्वतः जाऊ लागलो.

बाहेरच्या माणसाला वाटते जयंती १४ एप्रिलला असते. आपल्याला माहीत आहे की जयंती १४ एप्रिलला सुरू होते आणि मे महिन्याच्या अखेरीपर्यंत चालते. याचे एक कारण गायक मंडळी हेच होते. चांगली पार्टी एका रात्री एकाच ठिकाणी गाणार. म्हणून प्रत्येक वस्ती आपापली तारीख धरी. आज नायगाव, उद्या वरळी, परवा माटुंगा लेबर कॅम्प, मग चेंबूर, घाटकोपर, कल्याण. आम्ही भिंतीवरची पोस्टरे आणि हँडबिले वाचून तारखांचा तक्ता करीत असू. कोण कुठे गाणार, शेवटची लोकल कितीला, ती चुकली तर कुणाच्या घरी पाठ टेकायची, सगळे ठरलेले.

कार्यक्रमाची वेळ हँडबिलावर रात्री ९ ची असे. पुढाऱ्यांची भाषणे होऊन पेटीवर सूर लागायला साडेदहा-अकरा होत. दुसरी पाळी सुटली की गिरणीतली माणसे डबा हातात घेऊन सरळ मंडपात येत, आणि खरा कार्यक्रम मग रंगे. बायका पुढे सतरंजीवर, पोरे झोपलेली, म्हातारी माणसे खुर्च्यांवर, तरुण मागे उभे. गाणे आवडले की पाच रुपये, दहा रुपये बक्षीस. गायक गाणे थांबवून नाव पुकारी. कुणी रागावून म्हणे, आधी गाणे तर पुरे करा! पण ज्याचे नाव पुकारले जाई त्याची छाती फुगलेली असे. सावकाराच्या वहीखेरीज ज्याचे नाव कुठे लागले नव्हते, त्याचे नाव माईकवरून चार हजार माणसांना ऐकू येत होते.

दोन पार्ट्यांचा सामना असला तर मग विचारूच नका. कव्वालीच्या मुकाबल्यासारखे सवाल-जवाब चालत. एकाने बुद्धचरित्रातला प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने जागच्या जागी रचून उत्तर द्यायचे. विठ्ठल उमप, गोविंद म्हशीलकर, श्रावण यशवंते अशी नावे हँडबिलावर दिसली की आम्ही पाळी बदलून घेत असू. या सवाल-जवाबांसाठी गायकांना वाचावे लागे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पाठ असल्याशिवाय मंचावर टिकाव लागत नसे. आम्हीही त्या धाकाने तो ग्रंथ वाचला, हे आज कबूल करतो.

आमच्यात एक वही होती. शाळेची दोनशे पानी, पुठ्ठ्याची. जे गाणे नवीन ऐकले ते त्याच रात्री उतरवायचे. एकाने ध्रुवपद लक्षात ठेवायचे, दुसऱ्याने पहिले कडवे, तिसऱ्याने दुसरे. घरी येताना रस्त्याच्या दिव्याखाली बसून जुळवायचे. बाजूला चालीची खूण करायची, "अमुक सिनेमातल्या गाण्याप्रमाणे" अशी. कवीचे नाव, गायकाचे नाव, ठिकाण, तारीख. अशा चार वह्या भरल्या. गाण्याचा नाद म्हणून आम्ही ते करीत होतो. त्यातून इतिहास जमा होतो आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होते!

गाण्यांत त्या त्या काळाची खबर असे. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे यांची नावे आम्हाला गाण्यातून कळली. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, नामविस्तार झाला. त्या सोळा वर्षांत नामांतराचे गाणे नसलेली जयंती आम्ही पाहिली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. गाणे बंद पडले नाही, पण वर्गणी आटली. जिथे तीन रात्रींचा कार्यक्रम होई तिथे एक रात्र झाली. गायकाची बिदागी कमी झाली. कितीतरी कलावंत स्वतःच गिरणी कामगार होते. संपाने त्यांची दोन्ही कमाई गेली. गावाकडे परतलेल्या माणसांबरोबर कितीतरी गाणीही गावाकडे गेली.

कॅसेटचा जमाना

ग्रामोफोनच्या तबकड्यांचा काळ आपल्यासाठी नव्हता. तबकडी महाग, वाजवायचे यंत्र त्याहून महाग, आणि मोठ्या कंपन्यांना भीमगीतांचे सोयरसुतक नव्हते. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि सगळे पालटले. आखाती देशात कामाला गेलेल्यांनी टेपरेकॉर्डर आणले, मग इथलेही स्वस्त मिळू लागले. छोट्या छोट्या कंपन्या निघाल्या. त्यांच्या ध्यानात आले की ६ डिसेंबरला दादर चैत्यभूमीवर आणि विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात आणि ती रिकाम्या हाताने परत जात नाहीत. पुस्तक, बाबासाहेबांचा फोटो, बुद्धमूर्ती आणि आता कॅसेट.

मग आमचा नवा नाद सुरू झाला. नवीन कॅसेट १४ एप्रिलच्या आधी किंवा ६ डिसेंबरच्या आधी बाजारात येई. पगार झाला की आम्ही वर्गणी करून घेत असू, कारण प्रत्येकाने एकेक घेणे परवडणारे नव्हते. तासाभराची कॅसेट, दोन बाजू मिळून आठ-दहा गाणी. ती वस्तीभर फिरे. टेप अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची, तुटली की नखरंगाने चिकटवायची. बारशापासून गृहप्रवेशापर्यंत तीच कॅसेट वाजे.

प्रल्हाद शिंदे यांचा आवाज त्या काळात घराघरांत गेला. ज्या आवाजाने विठ्ठलाची भक्तिगीते अवघ्या महाराष्ट्राला दिली, त्याच आवाजाने भीमगीते गायली. यावरून आमच्या वस्तीत मोठी भांडणे झाली आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात विठ्ठलाचे गाणे गाणाऱ्याची कॅसेट वाजवायची का? एक बाजू म्हणे, मुळीच नाही. दुसरी बाजू म्हणे, गायकाला पोट आहे, आपण त्याचे घर चालवतो का? शेवटी एक वयस्क मावशी म्हणाली, "बाबासाहेबांचं गाणं लागलं की कसा रडवतो तो, ते सांगा आधी." वाद तेवढ्यापुरता मिटला, कायमचा मिटला नाही. पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी तो वारसा चालवला आणि आता त्यांची पुढची पिढी गात आहे.

नाव कुणाचे?

कॅसेटने गाणे घरोघरी नेले, हे उपकार आहेतच. पण तिने एक नुकसान केले, ते सांगायला हवे. कॅसेटवर ठसठशीत नाव आणि फोटो गायकाचा. मग संगीत संयोजक, मग कंपनी. गीतकाराचे नाव असलेच तर बारीक टाइपात, चार गीतकारांची नावे एका ओळीत, कुठले गाणे कुणाचे ते कळायचे नाही. काही कॅसेटवर तेही नसे, "पारंपरिक" म्हणून मोकळे. माणूस जिवंत, दोन स्टेशने पलीकडे राहतो आणि त्याचे गाणे पारंपरिक!

एकदा एका कंपनीच्या कॅसेटमध्ये आमच्या वहीतले एक गाणे आले. ऐकतो तर शेवटचे कडवेच नाही. ज्या कडव्यात कवीचे नाव होते तेच गाळलेले. आम्ही तिघे त्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या माणसाने सांगितले, गाणे लांब होत होते, बाजूवर बसत नव्हते. आम्ही म्हटले, मग मधले गाळायचे. तो हसला. त्याच्या दृष्टीने कडवी सगळी सारखीच. पैशांचे विचारले तर म्हणाला, रोख देऊन विकत घेतले आहे, आता विषय संपला. किती दिले ते त्याने सांगितले नाही.

नाममुद्रा ही कवीची सही. आमच्या पूर्वजांच्या जमिनी अशाच सही-अंगठ्यावरून गेल्या. गाण्याच्या बाबतीत तरी आपण जागे राहायला पाहिजे होते. दादांचे नाव एवढे मोठे की ते पुसता आले नाही. लक्ष्मण राजगुरू, हरेंद्र जाधव, मनोहरदीप रूपवते, दादांच्या वाटेने गेलेले प्रतापसिंग बोदडे अशा गीतकारांची गाणी लाखो लोकांनी ऐकली. त्या लाखांतल्या किती जणांना गाण्यामागचे नाव सांगता येईल, ते प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे. आणि ज्यांची नावे या यादीतही नाहीत, असे तालुक्या-तालुक्यांतले कवी तर कितीतरी.

आमच्या हातून झालेली चूक

दुसऱ्याला नाव ठेवताना स्वतःचेही सांगावे, नाहीतर लेख खोटा होईल. १९९६ च्या जयंतीला आम्ही कमिटीत होतो. तरुणांचा आग्रह म्हणून ऑर्केस्ट्रा आणला. कीबोर्ड, रंगीत दिवे, मोठे बॉक्स. त्याच रात्री एक वयस्क कवी-गायकही बोलावले होते. नाव लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना संकोच होईल. ते पेटीवाला आणि ढोलकवाला घेऊन दोन गाड्या बदलून आले. भाषणे लांबली. ऑर्केस्ट्रावाले घाई करू लागले. आम्हीच त्यांच्याजवळ जाऊन म्हटले, "बाबा, दोनच गाणी घ्या."

त्यांनी दोन गायली. लोकांनी आणखी एक मागितले म्हणून तिसऱ्याचा सूर धरला, तेवढ्यात कुणीतरी माईकचे बटण बंद केले. त्यांनी एकदा माईककडे पाहिले, एकदा आमच्याकडे. मग पेटीचा भाता बंद केला. आम्ही खाली पाहिले. आमच्यापैकी एकानेही उठून बटण चालू केले नाही.

कार्यक्रम चालू असताना ते मागे कमिटीच्या खोलीत बसले होते. आमच्यातल्या एकाने लाजेकाजेस्तव वही पुढे केली, म्हणाला, "बाबा, ते तिसरे गाणे लिहून तरी द्या." त्यांनी चष्मा लावला आणि स्वतःच्या हाताने चार कडवी लिहिली. शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव आहे. खाली तारीख घातली. ठरलेली बिदागीही आम्ही पुरती दिली नव्हती, उरलेली नंतर पोहोचवू म्हणालो. ती पोहोचवायला गेलो तेव्हा पाऊस लागला होता, आणि त्यांनी दुखणे धरले होते. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

चालीची खूण त्या पानावर नाही. आम्ही पुढे त्यांच्या मुलाकडे गेलो, त्याला चाल ठाऊक नव्हती. पेटीवाला गावी गेला होता, तो सापडला नाही. शब्द आहेत, चाल नाही. आमच्या चार वह्यांत हे एकच गाणे असे आहे की जे आम्ही ऐकलेले नाही, आणि सर्वांत जास्त वेळा आम्ही तेच पान उघडतो.

गेलेली माणसे

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, आणि निषेध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे ठार झाली. ते दुःख असह्य होऊन १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरात जीवन संपवले. विलास घोगरे झोपडपट्टीचे, कामगाराचे गाणे गात. आनंद पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड' या चित्रपटात ही सारी हकीकत आणि आपल्या शाहिरांची परंपरा दाखवली आहे. तो आपल्या विहारात एकदा सर्वांनी मिळून बघावा, ही सूचना.

२००४ साल आमच्यासाठी काळे ठरले. १५ मे ला नाशिकला वामनदादा गेले. २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. दीड महिन्याच्या आत एक शब्द देणारा आणि एक आवाज देणारा, दोघेही. नोव्हेंबर २०१० मध्ये विठ्ठल उमप नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मंचावर कोसळले आणि गेले. कलावंताला असे मरण यावे म्हणतात. आम्हाला मात्र त्या दिवशी वाटले, मुकाबल्याच्या मंडपातला शेवटचा कंदील विझला.

दरम्यान रात्रीचे गायनही संपले होते. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री १० नंतर कर्णा बंद. नियम योग्य आहे, आजारी माणसाचा, अभ्यास करणाऱ्या पोरांचा विचार करायलाच हवा. पण जे गाणे ११ ला सुरू होऊन पहाटे ४ ला रंगात येई, ते १० च्या आत कसे बसणार? आणि पाळी सुटून येणारा माणूसही राहिला नव्हता, गिरण्याच बंद पडत गेल्या. कॅसेट गेली, सीडी आली, सीडीही गेली, आता गाणे मोबाईलमध्ये. मिरवणुकीत डीजे. त्यात शब्द ऐकू येत नाहीत, नुसता ठोका छातीवर बसतो.

तरी गाणे मेले असे आम्ही म्हणणार नाही. संभाजी भगत यांनी शाहिरी नव्या पिढीपुढे नेली. शीतल साठे यांच्या आवाजात ती धार आहे. कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन गातात आणि मोबाईलवरून त्यांचे गाणे घरोघरी पोहोचले, त्यामागे ना कंपनी होती ना ऑर्केस्ट्रा. २०२२ साली वामनदादांची जन्मशताब्दी झाली, तेव्हा शाळकरी पोरांनी त्यांची गाणी गायलेली आम्ही ऐकली आणि डोळे पुसले.

आता काय करायचे?

भाषण न करता कामाचे सांगतो. आपल्या वस्तीत माळ्यावर, पेटीच्या तळाशी, जुन्या कॅसेट आणि गाण्यांच्या वह्या पडलेल्या आहेत. उंदीर खातात, भंगारवाला नेतो. त्या विहारात आणून द्याव्यात. आमच्या चार वह्या आम्ही या वर्धापन दिनी विहाराच्या ग्रंथालयाला देत आहोत. कॅसेटमधले गाणे संगणकावर उतरवता येते, आपली शिकलेली पोरे ते एका दिवसात करतील. प्रत्येक गाण्यापुढे कवीचे नाव, गायकाचे नाव, चाल आणि कुणाकडून मिळाले ते लिहावे. ज्या आजी-आजोबांना जुनी गाणी येतात, त्यांना रविवारच्या वंदनेनंतर एकेक गाणे म्हणायला लावावे आणि ते मोबाईलमध्ये धरून ठेवावे. गाणे पुरते म्हणावे, शेवटचे कडवे गाळू नये.

आणि कार्यक्रमाला जो कलावंत बोलवाल, त्याची बिदागी त्याच रात्री द्यावी आणि त्याचे गाणे पुरते होऊ द्यावे.

त्या वहीतल्या तिसऱ्या गाण्याला चाल नाही. ज्या कुणी १९९६ च्या आधी ते गाणे कुठल्या मंडपात ऐकले असेल, त्याने विहारात येऊन ते पान वाचावे. आठवली चाल, तर गुणगुणून दाखवावी. आम्ही दर रविवारी तिथे असतो.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम !